दोन हिवाळ्यांचा कोश

काकांना वास येत नसे. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं ते याच एका गोष्टीच्या भरवशावर केलं.

रीडिंगमधल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात आणि मेलेले बेडूक फॉर्मलिनमध्ये बुडवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. "पगार घरी आणला, नाक तिथेच ठेवून आलो," असं म्हणायचे. सकाळी दुधाची बाटली घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि वर हाक मारायचे, "सूनबाई, नाक द्या जरा." मी खाली जाऊन वास घ्यायची. चांगलं आहे म्हटलं की चहा, नासलंय म्हटलं की बाटली सिंकमध्ये रिकामी. माझ्या शब्दावर त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मी त्यांची सून नव्हते. आम्ही त्यांचे भाडेकरू. एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये लग्न होऊन मी पुण्याहून आले. माझा नवरा ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, सकाळी सातला जायचा तो संध्याकाळी सातला यायचा. मधले बारा तास त्या घरात मी आणि काका. आणि ते पतंग.

पहिल्याच दिवशी काकांनी आम्हाला हॉलमध्ये उभं करून नियम सांगितले होते. जिन्याखाली बुद्धाची छोटी मूर्ती होती, तिच्यासमोर फुलं असत, पण उदबत्ती नसे. "डांबरगोळ्या, माश्यांचा फवारा आणि उदबत्ती," ते म्हणाले, "या तीन वस्तू घरात आल्या तर एक तर तुम्ही राहाल, नाहीतर आम्ही." आम्ही म्हणजे कोण, हे मला मे महिन्यात कळलं.

एका सकाळी घर अगदी शांत असताना मागच्या छोट्या खोलीतून आवाज यायला लागला. कुणीतरी नखाने जाड कागद खरवडतंय, थांबतंय, पुन्हा खरवडतंय. मी जिन्यातच थिजले. काका दारात उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला आत घेतलं.

खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधलेली, तिच्यावर सुकलेल्या काटक्या आणि काटक्यांना लोंबणारे कोश. लांबट, सुपारीपेक्षा मोठे, जुन्या चांदीच्या रंगाचे. त्यातला एक हलत होता. वरच्या टोकाला ओल सुटली, धागे बाजूला झाले आणि त्यातून एक ओलं, केसाळ डोकं बाहेर आलं. मग सगळं अंग. पोट फुगलेलं, पंख भिजल्या चिंधीसारखे. ती मादी होती. ती सरपटत खाली उतरली आणि दाराच्या मागे खुंटीला एक राखाडी कार्डिगन टांगलं होतं, त्याच्या बाहीवर चढून लोंबत राहिली. अर्ध्या तासात पंख पसरले. माझ्या पंजाएवढे, विटकरी रंगाचे, आणि प्रत्येक पंखात एक तिकोनी भोक. भोक नव्हे, काच. आरपार दिसत होतं. त्या चार तुकड्यांमधून मला कार्डिगनची वीण दिसत होती.

"ब्राझीलमधली आहे," काका हळू आवाजात म्हणाले. "तिकडचे लोक हिला चार आरसे म्हणतात. मी खिडक्या म्हणतो. आरशात आपण दिसतो, हिच्यात आपण दिसत नाही."

"हिला खायला काय देता?"

"काही नाही. हिला तोंडच नसतं."

मला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच नव्हतं. जे काय खायचं ते अळी असताना खाऊन घ्यायचं, आणि पतंग झाल्यावर त्याच शिदोरीवर आठवडाभर जगायचं. आठवड्यात जोडी जमवायची, अंडी घालायची आणि मरायचं. "तोंड नाही म्हणून तक्रार नाही," काका म्हणायचे. हे त्यांचं आवडतं वाक्य. टीव्हीवर कुणी मंत्री बोलायला लागला की हमखास यायचं.

कार्डिगन त्यांच्या बायकोचं होतं. त्या त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. एका सहशिक्षकाने त्यांना सुटीवरून येताना पाच कोश आणून दिले होते, त्यांतून त्यांनी ही वंशवेल सुरू केली. एका उन्हाळ्यात त्या गेल्या तेव्हा खोलीत अंडी होती. काकांना तोवर अळी हातात घ्यायची किळस यायची. तरी अंडी फुटली तेव्हा त्यांनी पानं आणून घातली, आणि मग दर वर्षी घालत गेले. मी आले तेव्हा असं सहा वर्षं चाललं होतं. "ही तिच्या हातची आहेत," ते म्हणायचे. त्यांच्या बोलण्यात आई, मुलगी, नात असं काही नसे. मधल्या पिढ्या ते मोजतच नसत. समोरच्या मादीची आणि बायकोच्या हाताची थेट ओळख असल्यासारखं बोलायचे.

दर वर्षी पहिली मादी त्या कार्डिगनवरच चढते, असं त्यांनी मला सांगितलं. खोलीत पडदा होता, दोरी होती, भिंतीला खडबडीत कागद होता. तरी. पुढच्या दोन दिवसांत निघालेल्या माद्या पडद्यावर चढल्या हे मी पाहिलं. पण पहिली कार्डिगनवरच होती. बाहीवर जुन्या वर्षांच्या अंड्यांचे राखाडी ठिपके अजून चिकटलेले होते. ते कधी धुतलं नव्हतं.

संध्याकाळ झाली की काका त्या खोलीतला बल्ब काढून ठेवायचे आणि आम्ही दोघं दारात स्टुलांवर बसायचो. मादी जागची हलायची नाही. पोटाचं टोक तेवढं बाहेर काढून बसायची.

"बोलावते आहे," काका कुजबुजायचे. "वास सोडते. मैलभरावरून नर येतो त्या वासावर. मला काही कळत नाही, पण तुमच्या नाकालाही नाही कळायचं. नाकात गर्व नको."

मग अंधारात कुठूनतरी पंखांची फडफड सुरू व्हायची. पलीकडच्या खोलीतला नर बंद दारावर डोकं आपटत असायचा. काका उठून दार उघडायचे. फडफड आमच्या कानाजवळून जायची आणि एकदम थांबायची. त्या शांततेत मला रोज वाटायचं की खोलीत तिसरं माणूस आहे. काकांना विचारायचा धीर झाला नाही. ते हो म्हणतील याची भीती वाटायची.

मेलेल्या पतंगांचे पंख ते स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून चिकटवत. सकाळी ऊन आलं की त्या काचांमधून ओट्यावर तिकोनी कवडसे पडायचे. मी पोळ्या लाटताना ते माझ्या हातांवर यायचे. मी हात मागे घ्यायची.

उन्हाळा मात्र मजेत गेला. अळ्यांना प्रिव्हेटचा पाला लागतो, आणि आमच्या रस्त्यावर प्रत्येक घरापुढे प्रिव्हेटचं कुंपण. काका कात्री घेऊन सगळ्या रस्त्याची हेज फुकट कापून द्यायचे आणि पाला पिशव्या भरून घरी आणायचे. कापण्याआधी घरमालकाची उलटतपासणी. औषध मारलंय का? कधी मारलं? मांजर मुततं का? शेजारची म्हातारी इंग्रज बाई म्हणायची, "माझ्या मुलाच्या लग्नाआधी मी इतके प्रश्न विचारले असते तर बरं झालं असतं." अळ्या चार वेळा कात टाकायच्या. कात टाकण्याआधी दिवसभर मान वर करून, काही न खाता निश्चल बसायच्या. काका म्हणायचे, "ध्यानाला बसल्यात, वर पाय वाजवू नका." मी खरंच चपला काढून चालायची. जुलैत त्या बोटाएवढ्या, हिरव्यागार झाल्या तेव्हा पुढच्या खोलीतून दिवसभर त्यांच्या खाण्याचा आवाज यायचा. कोरड्या दुपारी, आभाळ स्वच्छ असताना, बारीक रिपरिप लागल्यासारखा. मग एकेक करून त्या थांबल्या, पानं ओढून घेऊन आत गेल्या, आणि घर पुन्हा मुकं झालं.

ऑक्टोबरात माझी ट्रंक आली. आईने बोटीने पाठवली होती. लग्नातला शालू, दोन पैठण्या आणि आईची सोवळ्यातली रेशमी साडी, जी ती सणावारी स्वयंपाकाला नेसायची आणि आता गुडघ्यांमुळे नेसवत नाही म्हणून तिने मला दिली होती. मी झाकण उघडलं आणि त्या वासाने मला रडू आलं. प्रत्येक घडीत मलमलच्या पुरचुंडीत डांबरगोळ्या. माझ्या आईच्या कपाटाचा वास. परदेशात पहिल्यांदा कुणीतरी जवळ घेतल्यासारखं वाटलं.

काका वर आले. त्यांना वासाचं काही नव्हतंच. त्यांनी आईची साडी बोटांनी चाचपली. कौतुकाने, असं आता वाटतं.

"तुतीच्या किड्याचं आहे. छान आहे. किती कोश उकळले असतील हो एका साडीला?"

"मला काय माहीत."

"काही हजार. आत जीव असतानाच उकळतात, नाहीतर बाहेर येताना धागा तुटतो. आणि मग ते नेसून तुम्ही शुद्ध. कुणी शिवायचं नाही." ते हसले. "गंमत आहे ना? हजार मढ्यांचं सोवळं."

मी हसले नाही. माझ्या आईच्या सोवळ्याबद्दल बोलणारे हे कोण, असं माझ्या मनात आलं. या 'कोण'चा अर्थ काय होता ते मला त्या वेळीही माहीत होतं. आमच्या घरात जो शब्द कधी उच्चारला जात नसे, तोच शब्द त्या 'कोण'च्या पोटात होता. जिन्याखालच्या मूर्तीसमोरून मी सहा महिने येजा केली होती, त्यांच्या हातचा चहा प्यायले होते, आणि मला वाटत होतं की मी त्या सगळ्याच्या पलीकडे गेले आहे. मी तिथेच उभी होते.

आमच्या खोलीत ट्रंक मावेना. काकाच म्हणाले, "मागच्या खोलीत ठेवा ना. थंडी आहे, कापडाला बरी." मग जाता जाता, "डांबरगोळ्या नाहीत ना पण?"

"नाहीत," मी म्हटलं.

चूक होती, नवखेपण होतं, विसरले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. विसरले नव्हते. गोळ्या काढल्या असत्या तर आईचा वास गेला असता, आणि ते जे बोलले त्याची फिटंफाटही झाली नसती. दोन्ही गोष्टी होत्या. कुठली मोठी होती ते मला आजही ठरवता येत नाही.

हिवाळाभर ती ट्रंक त्या बंद खोलीत, कोशांच्या खाली होती. दुपारी काका झोपले की मी जाऊन झाकण उघडायची आणि तोंड आत घालून बसायची. वर कोश लोंबत असायचे. एखाद्याला डोकं लागलं तर तो आतून हलकेच उसळायचा, झोपेत कूस बदलावी तसा. फेब्रुवारीत उसळणं कमी झालं. थंडीमुळे असेल, असं मी ठरवलं.

मार्चमध्ये शेजारची म्हातारी पाव देण्याच्या निमित्ताने आली, मागच्या खोलीच्या दारात थांबली आणि म्हणाली, "माझ्या आजीच्या कपाटाचा वास येतोय." काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाक द्या जरा."

मी आत गेले. श्वास घेतला. आई माझ्या घशापर्यंत आली.

"ओल आहे थोडी," मी म्हटलं. "बाकी काही नाही."

काकांनी म्हातारीकडे वळून इंग्रजीत सांगितलं, "हिचं नाक माझ्या विश्वासाचं आहे." दुसऱ्या दिवशी मी सगळ्या पुरचुंड्या काढल्या आणि स्टेशनजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले.

मे आला. काका सकाळसंध्याकाळ कोशांवर कोमट पाणी शिंपडत होते. काही खरवडलं नाही. महिना संपत आला तसे ते बोलेनासे झाले. एका सकाळी हाक आली, पण दुधासाठी नव्हती.

मागच्या खोलीत बसायला काही नव्हतं, म्हणून ते माझ्या ट्रंकेवर बसले होते. मांडीवर कार्डिगन, कार्डिगनवर सगळे कोश. जिवंत कोश हाताला जड लागतो, आणि कानाशी धरून त्यावर ऊब सोडली की आतला जीव वळवळतो. मेलेला हलका होतो आणि हलवला की सुक्या शेंगेसारखा वाजतो. मला हे त्यांनीच शिकवलं होतं.

"माझे कानही आता खोटं बोलतात," ते म्हणाले. "तुमचे कान द्या."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. एकेक कोश कानाशी धरला. वाजला. वाजला. वाजला. वाजलेला मी वर्तमानपत्रावर ठेवत गेले. काका वर्तमानपत्राकडे पाहत नव्हते. ते खोली पाहत होते. पडदा, खिडकीची फट, भिंत. काय बदललं या वर्षी, ते शोधत होते. त्यांची नजर खाली स्वतःच्या बैठकीकडे येत होती.

शेवटचा कोश वाजला नाही. आतला जीव कदाचित चिकटून सुकला असेल. मी त्यावर श्वास सोडला आणि थांबले. आत काही नव्हतं. इतकी रिकामी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती.

"हा हलतोय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू ऐकलंस?" सव्वा वर्षात पहिल्यांदा तू म्हणाले.

"ऐकलं, काका."

दया म्हणून बोलले असं लिहायचा मोह होतो. पण ते ट्रंकेकडे पाहायला लागले होते, आणि एक जरी जिवंत आहे म्हटलं तर ते शोधणं थांबवतील हे मला कळलं होतं. थांबवलं. बाकीच्यांचा दोष त्यांनी स्वतःवर घेतला. पाणी कमी घातलं, वेल जुनी झाली, रक्त पातळ झालं, असं काहीबाही म्हणत राहिले. डांबरगोळ्यांनीच ते मेले याचा माझ्याकडे पुरावा नाही. कदाचित वेल खरंच संपत आली असेल. पण न ऐकलेलं मी ऐकलं म्हटलं, याला पुरावा लागत नाही.

तो उन्हाळा ते एका कोशाला पाणी घालत राहिले. पतंग पाळणाऱ्या कुणा ओळखीच्यांनी त्याच जातीची अंडी पोस्टाने देऊ केली, त्यांना नको म्हणून लिहिलं. "तिच्या हातची नाहीत," मला म्हणाले. "आणि आपला आहेच की. कधी कधी एखादा दोन हिवाळे काढतो." हे खरं आहे. तसं होतं क्वचित. सप्टेंबरात आम्ही मेडनहेडला घर घेतलं आणि निघालो. काकांनी ट्रंक खाली उतरवायला हात लावला.

त्या हिवाळ्यात त्यांची मुलगी त्यांना लीड्सला न्यायला आली होती. गेले नाहीत. तिच्या घरात सगळीकडे हीटिंग, आणि कोशाला गारवा हवा. फ्रीजमध्ये ठेवू म्हणाली, तर फ्रीजने सुकतो म्हणाले. मागची खोली थंड राहावी म्हणून घरातलं हीटिंग बंद ठेवलं आणि स्वतःची खाट त्या खोलीत नेली, रात्री हालचाल झाली तर कळावी म्हणून. फेब्रुवारीत बर्फ पडलं. न्युमोनियाने गेले.

हे सगळं मला मुलीने सांगितलं, अंत्यविधीनंतर, त्याच स्वयंपाकघरात. ती इथेच जन्मलेली, माझ्याच वयाची. खिडकीवरचे पंख ती नखाने काढत होती.

"मी फोनवर त्याला खूप शाऊट केला," ती म्हणाली. "म्हटलं, बाबा, it's dead, तू freeze होणार. तर बोलला, नाही, तिने ऐकलाय. तिचा कान चांगला आहे." तिने पर्समधून कागदी रुमाल काढला, उलगडला. कोश होता. "तुम्ही खरंच ऐकला होता ना? Honestly सांगा. कारण नसेल, तर मग माझा बाबा एक मेलेल्या गोष्टीसाठी… म्हणजे, he'd lost it, आणि मी त्याला इथे एकटा ठेवला."

तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. काकांसारखेच, दुसऱ्यांदा न विचारणारे.

"ऐकला होता," मी म्हटलं.

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. "ओके," ती म्हणाली. "मग ठीक." आणि रुमाल पुन्हा नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

दर ख्रिसमसला तिचं कार्ड येतं. आता तिच्या नातवंडांचे फोटो, खाली चार ओळी. बाबा शेवटपर्यंत शहाणे होते, एवढ्या समजुतीवर ती उभी आहे, आणि ती समजूत मी दिलेली आहे. खरं सांगितलं तर ती काढून घ्यावी लागेल. नाही सांगितलं तर माझ्यापाशी राहील. इतकी वर्षं मी याला तिची काळजी म्हणत आले.

आता सगळं लिहिलं, काही राखून ठेवलं नाही. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. लिहायला बसले तेव्हा मला ते माहीत होतं.